हेडमास्तरांची तसबीर

मिरज
११ जून १९८०

आदरणीय लियांग मास्तर यांना अरुणा गुळवणीचा नमस्कार.

ओळखलंत का? आठवी ब, खिडकीजवळचा बाक. हेडमास्तरांची मुलगी म्हणून तुम्ही मला सगळ्यांपेक्षा जास्त ओरडायचात, म्हणजे बाकीच्यांना लाड वाटू नयेत. आता मी आपल्याच शाळेत चित्रकला शिकवते. पद्धत तुमचीच. एकाला समोर बसवायचं, पोरांनी तासभर नुसतं त्याच्याकडे बघायचं, मग त्याच्याकडे पाठ फिरवून चेहरा काढायचा. पालक तक्रार करतात. मी दाद देत नाही.

तुमचा पत्ता कसा मिळाला ते सांगते. आमच्या शाळेतल्या रखमाबाईंचा भाचा गुंडू तिकडे बहरीनला ड्रायव्हर आहे. सुट्टीवर आला तो कोट-टाय घातलेलं स्वतःचं रंगीत चित्र घेऊन. कोट त्याचा नव्हेच, पण चेहरा असा उतरलेला, की मी बघताक्षणी विचारलं, हे कुणी काढलं? म्हणाला, "एक चायनीज म्हातारा हाय तिकडं हूरा वस्तीत. मराठीतनं शिव्या देतोय." पुढचं काही विचारावंच लागलं नाही.

मास्तर, अप्पा मार्चमध्ये गेले. शाळेला आता पन्नास वर्षं होतायत आणि सव्वीस जानेवारीला सभागृहात त्यांची तसबीर लावायची ठरलंय. ती तुमच्या हातची असावी अशी माझी फार इच्छा आहे. समितीनेही मान्य केलंय. अप्पा तुमच्याबद्दल शेवटपर्यंत चांगलं बोलत. सोबत त्यांचा फोटो ठेवलाय. नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी,
अरुणा


मनामा
५ जुलै १९८०

चि. अरुणास,

नाही.

पत्र इथेच संपवणार होतो. पण खोलीतला एसी बंद पडलाय, खाली इलियास टेलरचं मशीनही थांबलंय, आणि या उकाड्यात ब्रश हातात धरला तर घाम चित्रावर गळतो. म्हणून चार ओळी जास्त.

मी अजून चेहरेच काढतो. बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत एका फ्रेमवाल्याच्या दुकानात मला कोपरा दिलाय. आपल्याकडची माणसं येतात. त्यांना अंगावर कोट हवा, मनगटावर घड्याळ हवं, मागे मोटार हवी. देतो. चेहऱ्यात मात्र त्यांचं ऐकत नाही. रापलेला असेल तर रापलेलाच काढतो. गुंडूने गोरा कर म्हणून फार हट्ट धरला होता, त्या शिव्या त्याच्या.

शुक्रवारी शरच्चंद्र नावाच्या एका बँकवाल्यांच्या घरी मुलांना शिकवतो. मुलं मला चायनीज अंकल म्हणतात. मी मराठीत ओरडलो की इंग्रजीत सॉरी म्हणतात. त्यांच्या आई स्मिताबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अय्या, तुम्ही इतकं छान मराठी कुठे शिकलात?" म्हटलं, मिरजेत जन्मलो. त्या खळखळून हसल्या. त्यांच्या गणपतीचा मागचा पडदा मी रंगवला. आरतीला उभा राहिलो, तर एकाने मला परदेशी पाहुणा समजून पुढे खुर्ची आणून दिली. आरतीला खुर्ची! मला सगळ्या आरत्या पाठ आहेत, त्याला दोनसुद्धा येत नव्हत्या.

असो. माझा राग तुझ्यावर नाही. पण तुझ्या वडिलांचं चित्र मी काढणार नाही. फोटो परत पाठवतोय. खलास.

वहिनींना, म्हणजे तुझ्या आईला, नमस्कार सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

लियांग


मिरज
२८ जुलै १९८०

मास्तर, नमस्कार.

'खलास' म्हणजे काय ते मला कळतं. तेवढा एकच शब्द ठेवून बाकीचं पत्र पाठवलं नसतंत तरी चाललं असतं.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. तुम्हाला सरकारने नेलं. बासष्टची चीनशी लढाई चालू होती, चिनी दिसला की नेत होते. तुमची काही चूक नव्हती हे मी वर्गात पोरांनाही सांगते. पण त्यात अप्पांचा काय दोष? उलट त्या दिवशी तुमची काळजी केली ती त्यांनीच. दर वर्षी नव्या शिक्षकांना ते सांगायचे, "मास्तरांना नेलं तेव्हा मी आधी हे बघितलं की रंगपेटी बरोबर आहे ना, आणि त्यांच्या डॉक्टर वडिलांची दातांची बॅग बरोबर आहे ना. माणसाचं हत्यार त्याच्याजवळ असलं की तो कुठेही तग धरतो." तुमचे वडील राजस्थानात देवलीच्या छावणीत वारल्याचं कळलं त्या दिवशी अप्पा जेवले नव्हते.

सुटून आल्यावर तुम्हाला शाळेत परत घेतलं नाही, ते खटकलं असणार. पण तो वरचा हुकूम होता. एक हेडमास्तर किती करणार? आणि आता तर ते गेलेच. मेलेल्या माणसावर कसला एवढा राग धरून बसलाय? काय केलं त्यांनी, ते तरी सांगा. की इतकी वर्षं परक्या गावात राहून माणूस असा होतो?

अरुणा


मनामा
१६ ऑगस्ट १९८०

अरुणा,

हत्यार! त्यांनी हत्यार म्हटलं?

तू विचारलंस म्हणून सांगतो. एकदाच सांगतो, परत विचारू नकोस.

नोव्हेंबर बासष्ट. लढाई सुरू झाल्यापासून आमच्या दवाखान्यात कुणी दात दाखवायला येत नव्हतं. ओट्यावर कुणीतरी शेण टाकून जायचं, वडील पहाटे उठून धुवायचे. सत्तरीचे होते. चाळीस वर्षं त्यांनी मिरजेचे दात काढले. तुझ्या आजोबांची कवळी त्यांनीच बसवली होती.

रविवारी सकाळी तुझे वडील आमच्या दारात आले. गुळवणी हेडमास्तर कधी हसत नाहीत, हे शाळेतल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्या दिवशी हसत होते. म्हणाले, "मास्तर, नवे पोलीस साहेब आलेत. त्यांना स्वतःचं चित्र काढून हवंय, मी तुमचं नाव सुचवलं. आणि साहेबांची दाढ दुखतेय, डॉक्टरांनाही घेऊन चला. या दिवसांत साहेबांशी ओळख झालेली बरी."

आम्हाला किती आनंद झाला म्हणून सांगू! वडिलांनी इस्त्रीचा कोट काढला. साहेबाच्या तोंडात घालायचे म्हणून चिमटे उकळून घेतले. मी नवा कॅनव्हास ताणला. माझा ईझल तुझ्या वडिलांनी स्वतः खांद्यावर घेतला आणि आमच्याबरोबर चालू लागले. लोक बघत होते. मला वाटलं, बघा लेको, हेडमास्तर आमचं सामान उचलतायत, नीट बघून घ्या.

चौकीत गेलो तर साहेबाची दाढ ठणठणीत होती.

छावणीत मला इतर गावांचे लोक भेटले. त्यांच्या घरी पोलीस गेले होते, त्यांना निदान गाठोडं बांधायला वेळ मिळाला होता. कुणी रजई आणली होती, कुणी कढई. आम्ही आमच्या पायांनी, खुशीत, रंग आणि चिमटे घेऊन गेलो. अंगावरच्या कपड्यांनिशी. राजस्थानातली थंडी तुला माहीत नाही. तिथे घोंगड्या मिळाल्या त्या उशिरा, आणि दोघांत एक. वडिलांच्या छातीत कफ धरला तो सुटलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले. बॅग होती ना त्यांच्या उशाशी! तग का नाही धरला कोण जाणे!

तुझ्या वडिलांवर कुणी जबरदस्ती केली असेल असं मी स्वतःला तीन वर्षं समजावत होतो. सुटून आल्यावर त्यांना शाळेच्या फाटकात गाठलं आणि विचारलं. म्हणाले, "शाळेत येऊन तुम्हाला धरून नेलं असतं तर शोभा झाली असती, मास्तर. मुलांच्या मनावर परिणाम झाला असता. म्हणून मीच साहेबांना म्हटलं, मी आणतो." आणि घंटा झाली म्हणून आत निघून गेले. तेव्हा हसत नव्हते.

मेलेल्या माणसावर कसला राग म्हणतेस. जिवंत होते तेव्हा त्यांनी माझा राग ऐकून घेतला नाही. आता तो मी कुठे नेऊन ठेवू? इथल्या समुद्रात?

लियांग


मिरज
२ नोव्हेंबर १९८०

मास्तर,

तुमचं पत्र आल्यापासून मी किती पत्रं लिहिली आणि फाडली. सुरुवातीच्या पत्रांत तुम्हाला खोटारडे म्हटलं होतं.

मग आईला विचारलं. दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "साहेबांची दाढ दुखतेय असं सांगून अप्पांनी मास्तरांना नेलं होतं का?" तिने सोऱ्या खाली ठेवला नाही. म्हणाली, "हो. मी म्हटलं होतं, निदान दोन घोंगड्या तरी द्या बरोबर. तर म्हणाले, घोंगड्या बघून त्यांना संशय येईल." आणि पुढची चकली पाडली.

मी त्या घरात अजून राहते आहे, कारण जाणार कुठे? पण अप्पांच्या खुर्चीकडे बघितलं की ती उचलून रस्त्यावर टाकावीशी वाटते. आईशी मी नीट बोलत नाही. ती अठरा वर्षं गप्प बसली आणि दर वर्षी रंगपेटीची गोष्ट ऐकत राहिली. तीच गोष्ट मीही वर्गात सांगितली, तुमची आठवण म्हणून, डोळ्यांत पाणी आणून! शरमेने मेल्यासारखं होतं.

आणि तुमच्यावरही मी रागावले आहे. पासष्ट साली तुम्ही परत आलात तेव्हा मी मॅट्रिकला होते. मला गाठून का नाही सांगितलंत? मी भांडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. आता कुणाशी भांडू?

आता कामाचं. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून समितीने फोटो सांगलीच्या एका स्टुडिओत दिला. तिथून नमुना आलाय. गालांवर गुलाबी रंग, मागे ढग, डोक्याभोवती उजेड. अगदी संत. हे सभागृहात लागणार आणि मी मरेपर्यंत रोज त्याच्यासमोरून वर्गावर जाणार. मला ते सहन होणार नाही. मी समितीला खोटंच सांगून टाकलंय, की मास्तरांचं चित्र येतंय, थांबा.

तेव्हा आता काढा. अप्पांसाठी नको आणि माझ्यासाठीही नको. तुम्हाला दिसले तसे काढा. फोटो पाठवत नाही. चेहऱ्याकडे पाठ फिरवून चेहरा काढायला तुम्हीच शिकवलंत.

अरुणा


मनामा
१८ डिसेंबर १९८०

अरुणा,

चित्र गुंडूबरोबर पाठवतोय. पातळ फळीवर काढलंय, म्हणजे गुंडाळायला नको. विमानात मांडीवर घेऊन बस म्हणून त्याला दम दिलाय. रंग अजून आतून ओला आहे, इथल्या दमट हवेत तेल वाळता वाळत नाही. हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस.

तुझं पत्र वाचल्यावर मी बरेच दिवस कामालाच लागलो नाही. फ्रेमवाला "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करत होता. स्मिताबाईंच्या पोरांना विनाकारण झापलं, त्यांनी बिचाऱ्यांनी वह्या मिटून घेतल्या. घोंगड्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मला इतकी वर्षं वाटत होतं, की गुळवणींना ते सुचलं नसेल. घाईत माणसाला सुचत नाही. तर सुचलं होतं.

पहिलं चित्र रागात काढलं. ओठ पातळ केले, डोळे बारीक केले. पुसून टाकलं. ते नाटकातल्या कुठल्याही दुष्ट माणसाचं झालं असतं, गुळवणींचं नव्हे. असल्या कामाला मी वर्गात शून्य दिलं असतं.

माझे वडील म्हणत, मेलेल्या माणसाला समोरून काढावं आणि त्याचे दोन्ही कान दाखवावेत. बाजूने काढलं तर घरची माणसं बोलायला आली की त्याला मान वळवावी लागते. देवलीत मी त्यांचं तसंच काढलं, सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर, चुलीतल्या कोळशाने. रंगपेटी होती, पण तोवर रंग सुकून दगड झाले होते. तुझ्या वडिलांनाही मी तसंच समोर उभं केलंय. कपाळ त्यांचं, नाक त्यांचं, भुवईतला तो एक पांढरा केसही त्यांचाच. एक रेघ वाकडी नाही. बहरीनमध्ये आल्यापासून माझ्या हातून एवढं चांगलं काम झालेलं नाही, आणि ते त्या माणसाच्या वाट्याला जावं याचा मला संताप येतो.

ते कुठल्या वेळचे आहेत हे मी चित्रावर लिहिलेलं नाही. लोकांना फार आवडेल बघ. तू गप्प बसलीस तर मिरजेतलं सगळ्यात सुंदर चित्र म्हणून ते तिथे टांगलेलं राहील. बोलायचं की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. तुला त्या गावात राहायचंय, मला नाही.

लियांग


मिरज
२९ जानेवारी १९८१

मास्तर,

चित्र लागलं. आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं, ते सगळ्यांना आवडलं.

पडदा बाजूला केला तशी सभागृहात कुजबुज सुरू झाली. गुळवणी सर हसतायत! जुने विद्यार्थी खुर्च्या सोडून पुढे आले. समितीचे अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "सरांच्या कडक स्वभावामागचं प्रेमळ मन आज आपल्याला दिसलं." टाळ्या पडल्या. कुणी डोळे पुसले. मी समोरच्या रांगेत बसून ते हसू बघत होते. माझ्या पर्समध्ये भाषणाचा कागद होता, रात्रंदिवस बसून लिहिलेला. पण मुलं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, पाहुणे आले होते, आणि मी उठले नाही. मला वाटलं, आज नको, उद्या समितीच्या बैठकीत सांगू. शोभा कशाला. हो मास्तर, हाच शब्द माझ्या मनात आला. मी त्यांचीच मुलगी.

मग आईला हार घालायला बोलावलं. ती तबकातला हार हातात घेऊन चित्रासमोर उभी राहिली. मग तो हार तिने परत तबकात ठेवला. अध्यक्षांना वाटलं तिचा हात पोचत नाही, त्यांनी स्टूल आणायला सांगितलं. आई म्हणाली, "स्टूल नको. हार गेलेल्या माणसाला घालतात. हे तर आत्ता चिनी डॉक्टरांना चौकीवर न्यायला निघालेत. असेच हसत निघाले होते. मला घोंगड्या देऊ दिल्या नाहीत."

बाजारात भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात बोलली. माईक चालू होता. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. अध्यक्ष म्हणाले, "काकू दमल्यात," आणि तिचा दंड धरायला गेले. तिने त्यांचा हात झटकला. आयुष्यात मी तिला कुणाचा हात झटकताना पाहिलेलं नाही.

तेव्हा मी उठले. कागद काढलाच नाही. माईक घेतला आणि दाढेपासून सगळं सांगितलं. तुमचा ईझल कुणी खांद्यावर घेतला ते सांगितलं, थंडीचं सांगितलं, फाटकात अप्पा काय म्हणाले तेही. अप्पांच्या तोंडावर सांगितलं. अर्धे लोक उठून गेले. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, की चिन्यांची बाजू घेतेस, लाज नाही वाटत? मी म्हटलं, वाटते ना, म्हणूनच बोलतेय. आता माझी नोकरी राहते की जाते ते पुढच्या आठवड्यात कळेल. चित्र उतरवायचं असं काहीजण म्हणतात. आईने सांगून टाकलंय, की उतरवलंत तर मी घरून बाज आणून इथे सभागृहात झोपेन. ती झोपेल.

चित्र राहिलं तर त्याखाली एक पाटी लावायची आहे. मजकूर मी लिहिलाय. चित्रकार म्हणून तुमचं नाव, आणि खाली, त्या रविवारी काय झालं ते दोन ओळींत. त्या दिवशी माईकवर बोलतानाच मी अडखळले, आणि पाटी लिहितानाही तिथेच अडले. शाळेतल्या शिक्षकांना विचारलं, जुन्या शेजाऱ्यांना विचारलं, आईलाही विचारलं. सगळे एकच सांगतात, चिनी डॉक्टर.

मास्तर, तुमच्या वडिलांचं नाव काय होतं?

अरुणा


मनामा
१४ फेब्रुवारी १९८१

अरुणा,

लियांग देहाई.

चाळीस वर्षं दवाखान्याच्या दारावर लिहिलेलं होतं. मराठीत. मोठ्या अक्षरांत.

लियांग